होकाराचा व्यायाम

४ फेब्रुवारी

व्यायामवालीने सांगितलं म्हणून लिहिते आहे, नाहीतर दैनंदिनी लिहिण्याची हौस मला शाळेतही नव्हती. रोज थोडं लिहा म्हणाली. मान किती दुखली, कधी दुखली आणि तेव्हा तुम्ही काय करत होतात. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे म्हणे. मी म्हटलं, दुखणं काय परीक्षेला बसलंय का? ती हसली नाही, नुसतं काहीतरी लिहून घेतलं.

गुण मी देणार नाही. इतकी वर्षं प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपखाली रक्ताच्या काचा बघतेय, तिथं आम्ही प्लस देतो. एक प्लस म्हणजे आहे थोडंसं. तीन प्लस म्हणजे डॉक्टरांना फोन करा. अगदीच पुसट असेल तर ट्रेस लिहितो. मला तेच जमतं.

आज तीन प्लस. सकाळी मायक्रोस्कोपवर, जेवणानंतर पुन्हा मायक्रोस्कोपवर आणि संध्याकाळी बाबांना खुर्चीतून पलंगावर घेताना. शेवटचं तिला सांगितलं नाही. मी तिच्याकडे मान घेऊन गेले होते, घर घेऊन नाही.

७ फेब्रुवारी

दुसरी खेप. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर लांबलचक खोली आहे, रेक्झिनची टेबलं, एक मोठा आरसा आणि भिंतीवरच्या हुकांना लटकवलेले रंगीत रबरी पट्टे. मला वाटलं होतं शेक देतील, मशीन लावतील, मी डोळे मिटून पडून राहीन. कसलं काय. सगळं मलाच करायचंय.

बाई वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान आहे, पण बोलताना हेडमास्तर. दर वाक्याला "हनुवटी आत". मी मनातल्या मनात तिचं नाव हनुवटी ठेवलंय. तिने मला उताणं झोपवलं, डोक्याखाली टॉवेलची घडी ठेवली आणि म्हणाली, "ताई, कुणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलंय. तुम्हाला हो म्हणायचंय, पण शेजारच्याला कळू द्यायचं नाहीये. तेवढीच मान हलवा. आणि तिथंच धरा."

मी म्हटलं, हो म्हणायची मला सवय नाही. ती म्हणाली, ते दिसतंच आहे. बाईला विनोद कळतो म्हणजे.

धरून ठेवताना मान लटलट कापत होती. एवढीशी हालचाल आणि मला घाम. मोठे स्नायू दमून दगड झालेत आणि आतले लहान स्नायू झोपा काढतायत, असं तिचं म्हणणं. मानेला आराम नकोय, काम हवंय, पण योग्य ते. आधी थोडं जास्त दुखेल, मग महिना-दोन महिन्यांत फरक पडेल, पूर्ण जाईल असं वचन देत नाही म्हणाली. हे मला आवडलं. वचनं देणारी माणसं मला चालत नाहीत.

कोणत्या कुशीवर झोपता, हेही विचारलं. उजव्या, दाराकडे तोंड करून. नेहमीच? नेहमीच. का? सवय, म्हटलं. दारापलीकडे बाबांची खोली आहे, त्यांनी घसा खाकरला तर ऐकू यायला तोंड तिकडे नको का? पण हे तिला सांगून काय करायचंय.

तीन प्लस.

१० फेब्रुवारी

रविवार. दादा आला होता.

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हापासून उजवी बाजू आणि वाचा गेली आहे. समजतं मात्र सगळं. आम्ही डोळ्यांवर भागवतो. हो असेल तर डोळे मिटतात, नको असेल तर भिंतीकडे बघतात. चहा, खिडकी, पंखा, कूस बदलणं, एवढ्याला पुरतं. दुसरं काय लागतं माणसाला.

बाबा घाऊक बाजारात फळांच्या पेट्यांचा लिलाव पुकारायचे. मी तिथं एकदाच गेले होते, मुलीला काय काम तिथं असं आईचं म्हणणं. दादा मात्र सुट्टीभर जायचा. लिलावात मान हलवली की बोली लागली, असा कायदा. तोंडाने बोलायची गरज नाही. म्हणून पुकारणाऱ्याने स्वतःची मान चुकूनही हलवायची नसते. बाबांना ती सवय घरीही होती. आईने भाजी कशी झालीय विचारलं तरी मान जागची हलायची नाही. आई वैतागायची, म्हणायची माझ्या वाट्याला खांबच आला. आणि भाव ठरला की बाबा हातातला लाकडी ठोकळा टेबलावर तीनदा वाजवायचे, एक वार, दोन वार, तीन वार. त्यानंतर कुणी तोंड उघडायचं नाही. माल ज्याचा त्याचा झाला. तो ठोकळा आता बाबांच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावलेला असतो.

तर दादा. त्याचं जुनंच पालुपद, बाबांना माझ्याकडे नेतो. त्याचं घर तळमजल्यावर, खोली मोकळी, वहिनी नर्स होती आणि आता घरीच असते. "तुझी मान गेली, आता पाठ जायची वाट बघायची का?" असं म्हणाला. मी म्हटलं, विचार करू. विचार करू म्हणजे नाही, हे दादाला अजून कळत नाही.

बाबांना विचारायचा प्रश्नच येत नाही. ते हे घर सोडून कुठं जाणार? आणि ते गेले तर मी संध्याकाळी कुलूप उघडून कुणाकडे येणार? हे दादाला बोलले नाही.

तीन प्लस. वहिनीच्या हातचा डबा आणला होता त्याने. मीठ कमी.

१५ फेब्रुवारी

माझ्या पलंगावर व्यायाम होत नाही, गादीत खड्डा पडलाय. जमीन हवी. स्वयंपाकघरात फ्रिज, माझ्या खोलीत कपाट. मोकळी जागा एकच, बाबांच्या पलंगाशेजारी. तिथं सतरंजी टाकली.

दिवसभर बाबांजवळ असणाऱ्या मावशी चप्पल घालून निघाल्या होत्या. मला जमिनीवर पडलेली बघून त्यांनी अशी आरोळी ठोकली की बाबा दचकले. म्हटलं, अहो व्यायाम आहे. त्या म्हणाल्या, हलत तर काहीच नाहीये. तोच तर व्यायाम आहे, मावशी.

बाबा पलंगाच्या कडेवरून खाली बघत होते. मी हनुवटी आत घेतली, धरली, सोडली. ते सबंध वेळ बघत होते. करमणूक झाली त्यांची.

दुखणं जास्तच. तीन प्लसच्याही वर. हनुवटीने सांगितलं होतंच.

२२ फेब्रुवारी

आज एक नवल झालं. बाबांनी मान हलवली!

मी खाली सतरंजीवर होते. फोन छातीवर ठेवून स्पीकरवर दादाशी बोलत होते. म्हणजे तोच बोलत होता. खोलीला नवा रंग दिला, पलंग खिडकीशी लावला, बाबांना तिथून रस्ता दिसेल, अमुक आणि तमुक. मी हं हं करत व्यायाम उरकत होते. सहज वर बघितलं तर बाबा मान हलवत होते. अगदी हळू, हनुवटी आत घेऊन, जशी हनुवटीबाई सांगते तशी. माझं बघून बघून शिकले.

मला इतका आनंद झाला की फोन तसाच ठेवून उठले. आयुष्यात ज्या माणसाने मान हलवली नाही तो आता व्यायाम करतोय. मावशींना फोन करून सांगितलं. त्या नादात दूध उतू गेलं, गॅस पुसत बसले, तरी राग आला नाही.

दोन प्लस आणि तीनच्या मधलं काहीतरी.

२६ फेब्रुवारी

बाबांना नवीन खोड लागली आहे. डाव्या हाताच्या बोटांनी पलंगाच्या कठड्यावर टकटक करतात. टक, टक, टक, मग थांबतात आणि माझ्याकडे बघतात. पाणी हवं असणार. नेलं तर ओठ घट्ट मिटून घेतले. थोड्या वेळाने पुन्हा टकटक, पुन्हा पाणी, पुन्हा ओठ बंद.

मावशींना विचारलं, तुमच्यासमोर किती वेळा करतात? त्या म्हणाल्या, छे, दिवसभर एकदाही नाही. म्हणजे लाड सगळे माझ्याकडून. असू देत.

व्यायाम दोघांचाही चालू आहे. मी खाली, ते वर. हनुवटीला सांगितलं तर तिने पहिल्यांदा दात दाखवले. त्यांनाही मानेचं दुखणं आहे का, असं विचारलं. मी म्हटलं नाही, त्यांना माझी सोबत करायची असते.

दोन प्लस.

३ मार्च

दादाशी भांडण झालं.

मी सतरंजीवर होते. हनुवटी आत घेऊन धरलेली असताना बोलता येत नाही, हे दादाला ठाऊक. तेवढ्यात याने डाव साधला. पलंगावर बसला, बाबांचा हात हातात घेतला आणि सरळ विचारलं, "बाबा, येणार ना माझ्याकडे?"

बाबांनी मान हलवली.

"बघ," दादा म्हणाला, "हो म्हणाले."

मी ताडकन उठले, मानेतून कळ गेली ती वेगळीच. म्हटलं, अरे तो व्यायाम आहे, रोज याच वेळी ते माझ्याबरोबर करतात, हवं तर मावशींना विचार. दादा म्हणाला, बाबांनी आयुष्यात फुकट मान हलवलेली मी बघितली नाही. मी म्हटलं, तू महिन्यातून दोनदा येतोस, तुला काय दिसणार? हो म्हणायचं असेल तर ते डोळे मिटतात. तो म्हणाला, "डोळे चहापाण्याला. हा सौदा आहे."

सौदा! स्वतःच्या बापाबद्दल. मी त्याला वाट्टेल ते बोलले. तुझ्या बायकोला घरात बसून करमत नाही म्हणून तुला पेशंट हवाय, असंही बोलले. ते बोलायला नको होतं, पण बोलले. दादा चहा न घेताच गेला. जाताना ठोकळ्याला ठेचकाळला.

बाबा कठड्यावर टकटक करत होते. मी रागातच पाणी आणलं. नको. मग मागता कशाला, असं मी त्यांच्यावरही ओरडले.

तीन प्लस. भांडणाचे.

६ मार्च

बाबा हल्ली उचलू देत नाहीत. काखेत हात घालायला गेले की डाव्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरून ठेवतात. बोटं एकेक करून सोडवावी लागतात. वय झालं की हट्ट वाढतो, दुसरं काय. काल मी वाकले तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून चक्क मागे ढकललं. मी म्हटलं, बाबा, मी दमलेय, नाटकं करू नका.

हनुवटीने आज पकडलं. खांदे दाबून बघताना म्हणाली, हे मायक्रोस्कोपचं नाही, तुम्ही घरी काय उचलता? सांगावं लागलं. ती टेबलाच्या कडेवर बसली. म्हणाली, व्यायामाने मान सुधारतेय ते तुम्हालाही दिसतंय, पण रोज एक अख्खं माणूस एकटीने उचलायचं आणि मग माझ्याकडे यायचं, याला अर्थ नाही. दोघांनी उचला, किंवा उचलायचा पट्टा घ्या.

पट्टा बाबांना आवडणार नाही, असं मी म्हटलं. तुम्ही त्यांना विचारलंत का, असं ती म्हणाली.

आजकाल सगळेच मला बाबांना विचारायला सांगतायत.

१४ मार्च

एक प्लस. पहिल्यांदाच. काम करताना खुर्ची उंच करून घेतली, कोपरांखाली टॉवेलच्या गुंडाळ्या ठेवल्या. साहेब येऊन बघून गेले. दुपारी सहकारीण मागून हाक मारत होती, मी नुसती मान वळवून बघितलं. एरवी मी खुर्चीसकट वळते, त्यावरून मला रणगाडा म्हणतात हे मला माहीत आहे. आज रणगाड्याने मान वळवली तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेले.

घरी येऊन बाबांना दाखवलं, इकडे वळते, तिकडे वळते. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. हल्ली त्यांच्या डोळ्यांना सारखं पाणी येतं, थेंब आणायला हवेत.

२० मार्च

ठीक आहे, विचारलं. कुणी म्हणायला नको की विचारलं नाही.

व्यायामाची वेळ मुद्दाम टाळली. सकाळी दाढी करून झाल्यावर, त्यांचा मूड चांगला असताना विचारलं, बाबा, आपल्याला इथंच राहायचंय ना?

ते भिंतीकडे बघायला लागले.

खिडकीतून ऊन येत होतं, त्यामुळे त्यांनी डोळे फिरवले असणार. पडदा ओढला आणि पुन्हा विचारलं. पुन्हा भिंत. त्या भिंतीवर कॅलेंडर आहे, पान बदललेलं नव्हतं, त्यांना ते खुपत असेल. मी पान बदललं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, एकच गोष्ट किती वेळा विचारायची माणसाला.

मग टक, टक, टक. पाणी नेलं. नको.

दोन प्लस. कशामुळे ते कळलं नाही. आज तर मायक्रोस्कोपला हातही लावला नव्हता.

२८ मार्च

मान अडकलेली असतानाच लिहिते आहे, अक्षर वाचता येणार नाही.

संध्याकाळी मावशी गेल्यानंतर बाबांना पलंगावर घेत होते. ते दांडा सोडेनात, मी ओढलं, आणि अर्ध्यात मानेत काहीतरी लचकलं. एकदम लॉक. हातातली ताकद गेली. बाबा घसरले, मी त्यांच्याखाली. आपटले नाहीत ते माझ्यामुळे, नाहीतर काय झालं असतं ते मनात आणवत नाही. दोघंही जमिनीवर, पलंगाला टेकून. माझी मान डावीकडे अडकलेली, बाबा उजवीकडे, म्हणजे त्यांचा चेहरासुद्धा मला बघता येईना. बाबा, लागलं का? उत्तर कसं दिसणार? डोळे दिसत नव्हते.

फोन टेबलावर, हात पोचेना. खाली राहणारे शेजारी फिरायला गेले होते, परत येताना जिन्यात त्यांची चाहूल लागली तेव्हा हाक मारली. तोवर बसून राहिलो. मी रडले. आवाज न करता रडत होते, पण बाबांना कळलं असेल. भीती वाटली. त्यांच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही.

तेवढा सगळा वेळ बाबांचा डावा हात माझ्या मानेवर होता. घसरताना तिथं आला असेल. अंगठा हळूहळू फिरत होता. त्या हाताला कंप आहे, डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं.

चार प्लस.

२ एप्रिल

रजा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, स्नायू आखडलाय म्हणाले, हाड वगैरे ठीक आहे. हनुवटी फोनवर म्हणाली, घाबरून पडून राहू नका, दुखेल न दुखेल एवढा होकार चालू ठेवा. पट्ट्यांचा व्यायाम बंद.

दादाला मी कळवलं नव्हतं, शेजाऱ्यांनी कळवलं. त्याने फोनवर मला एका शब्दाने बोल लावला नाही. मला ते जास्त लागलं. वहिनीनेही फोन घेतला. म्हणाली, तुम्ही जे केलंत ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. मी त्या दिवशी काय बोलले होते ते दादाने तिला सांगितलेलं नाही असं दिसतं.

मी बरी होईपर्यंत मावशी रात्रीपर्यंत थांबतायत, बाबांना आम्ही दोघी मिळून उचलतो. दोघींनी धरलं की बाबा दांडा लगेच सोडतात. हट्ट फक्त माझ्याशी.

दोन प्लस.

७ एप्रिल

रविवार. आज सगळं नीट लिहायचं आहे, जसं झालं तसं.

दादा सकाळी आला. मी खुर्चीत बसले होते. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात. व्यायाम नाही, फोन नाही, खोलीत आम्ही तिघंच. दादाने आधी मला विचारलं, विचारू का? मी म्हटलं, विचार. तो पलंगापाशी गेला आणि म्हणाला, "बाबा, येणार ना माझ्याकडे?"

बाबांनी मान हलवली. आधी दादाकडे बघून, मग माझ्याकडे बघून.

मी म्हटलं, सवय लागली आहे त्यांना. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

मग बाबांनी डावा हात उचलून कठड्यावर आणला. टक. टक. टक. माझ्याकडे बघत.

मी सवयीने उठले. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, पलंगाकडे वळले, तर दादा जागचा हललेला नव्हता. बाबांच्या हाताकडे बघत होता, आणि शाळेत पाठ केलेलं म्हणावं तसं हळू म्हणाला, "एक वार. दोन वार. तीन वार."

बाबांनी डोळे मिटले.

मी पेला धरून उभी होते. मग ते पाणी मीच प्यायले, सगळं, उभ्या उभ्या.

किती दिवस हा माणूस सौदा मिटवत होता आणि मी पाणी आणत होते. मान हलवून सांगितलं, मी म्हटलं व्यायाम. भिंतीकडे बघून सांगितलं, मी पडदा ओढला. आणि ठोकळा दाराखाली लावलेला, म्हणून बिचाऱ्याने बोटांनी वाजवलं.

दादा बाहेर गेला, आम्हाला एकटं सोडायला असेल. मी बाबांशेजारी बसले. म्हटलं, माझ्या मानेमुळे ना? त्यांनी डोळे मिटले नाहीत, भिंतीकडेही बघितलं नाही. मान हलवली नाही. नुसते बघत राहिले. खांब. आई म्हणायची तेच खरं.

मी भांडणार होते. शब्द तयार होते माझे. मी तुम्हाला जड होऊ दिलं का कधी, असं विचारणार होते. पण तीन वार झाल्यावर तोंड उघडायचं नसतं, एवढं मी त्या एका दिवशी बाजारात बघितलं होतं.

प्लस आज लिहीत नाही.

१४ एप्रिल

नेलं.

दादा, वहिनी, मावशी, खालचे शेजारी, सगळे होते. वहिनीने उचलायचा पट्टा आणला होता, तो तिने इतक्या सराईतपणे बांधला की बाबा खुर्चीतून गाडीत बसले ते मला नीट दिसलंसुद्धा नाही. पट्टा त्यांना आवडणार नाही असं मी म्हणाले होते. ते आरामात होते.

तिच्या कानात मीठ कमी घालतेस असं सांगितलं. ती म्हणाली, बाबांचं बीपी आहे म्हणून घालत नाही, तुम्ही घालत होता? मी विषय बदलला.

गाडी सुरू झाल्यावर आठवलं. वर पळाले, दाराखालचा ठोकळा काढला, पुसला आणि खिडकीतून बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी त्यावर डावा हात ठेवला. वाजवला नाही. गाडी वळेपर्यंत मी बघत होते. मान वळवून बघता आलं.

वर आले तर बाबांच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटत होतं. बराच वेळ आपटू दिलं.

२१ एप्रिल

घर मोठं झालंय. भांडी घासताना आवाज घुमतो. मावशी दुसरीकडे लागल्या, परवा येऊन त्यांची विसरलेली छत्री घेऊन गेल्या, जाताना रडल्या. मी नाही.

सतरंजी अजून तिथंच टाकते, पलंगाशेजारी. माझ्या खोलीतलं कपाट हलवलं तर तिकडेही जागा होईल. हलवलेलं नाही. होकार चालू, पट्ट्यांचा व्यायाम पुन्हा सुरू. हनुवटी म्हणाली, आता आतले स्नायू जागे झाले. मी म्हटलं, उशीर झाला त्यांना. ती म्हणाली, अजिबात नाही.

एक प्लस.

५ मे

ट्रेस.

सकाळी उठले तर तोंड भिंतीकडे होतं. डाव्या कुशीवर झोपले होते, रात्री कधी वळले ते कळलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा डावी कूस. आधी धस्स झालं, दाराकडे पाठ करून झोपले, बाबांनी खाकरलं असतं तर? मग आठवलं. तशीच पडून राहिले थोडा वेळ.

संध्याकाळी दादाने व्हिडिओ कॉल लावला. बाबा खिडकीशी, मागे रस्ता. दाढी वहिनीने केलेली, माझ्यापेक्षा नीट. समोरच्या टेबलावर ठोकळा. दादा म्हणाला, जेवण चांगलं जातंय, रस्त्यावरची भाजीची गाडी बघत बसतात, गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ठोकळा वाजवतात.

बाबा बघत होते, वाट बघितल्यासारखे. मला कळलं काय हवं होतं ते. मी फोन टेबलाला टेकवून ठेवला, ताठ बसले आणि मान डाव्या खांद्याकडे नेली, मग उजव्या खांद्याकडे, मग वर, मग खाली. कुठंही न अडकता.

मग मीच विचारलं. गेले वीस दिवस विचारायचं टाळत होते. म्हटलं, बाबा, तिथं करमतं का?

त्यांनी डोळे मिटले. मिटलेलेच ठेवले थोडा वेळ, म्हणजे बरं चाललंय. मग उघडले, मला बघितलं, आणि भुवया वर केल्या. आणि तुला?

मी मान हलवली. हनुवटी आत घेऊन, हळू, शेजारच्यालाही कळेल इतकी. व्यायाम नव्हता.